सोलापुरात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस उभी करताना : नव्या पदवीधरांसाठी

फिजिओथेरपीची पदवी हाती पडली की दवाखाना कुठे काढावा, कोणती यंत्रे घ्यावीत आणि कर्ज किती मिळेल, याच प्रश्नांची चर्चा आधी सुरू होते. सोलापुरात ज्यांची प्रॅक्टिस टिकली आणि वाढली, त्यांच्याकडे पाहिले तर मात्र एक वेगळी गोष्ट ठळकपणे दिसते: त्यांचे रुग्ण सांगितलेला व्यायाम घरी खरोखर करतात. रुग्ण आठवड्यातून फार तर दोन-तीन तास आपल्यासमोर असतो. उरलेला सगळा वेळ तो मागावर, विडीच्या सुपापुढे, उसाच्या फडात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर असतो आणि त्याचे दुखणे वाढते किंवा कमी होते ते तिथेच. रुग्णाच्या दिवसात आपला उपचार कसा बसवायचा, हे ज्याला लवकर उमगते तो पदवीधर पुढे जातो, असे माझे मत आहे. पुढील सूचना त्याच अंगाने दिल्या आहेत.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. ती कंटाळवाणी असली तरी टाळता येत नाहीत. महाराष्ट्रात व्यवसाय करण्यासाठी २००२ च्या अधिनियमानुसार स्थापन झालेल्या राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी लागते, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची चौकटही उभी केली आहे. इंटर्नशिप संपताच नोंदणीसाठी अर्ज करावा, नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवावी आणि नोंदणी क्रमांक लेटरहेडवर, पावतीवर व दवाखान्याच्या पाटीवर ठळक असावा. व्यवसाय कराची नोंदणी आणि व्यावसायिक दायित्वाचा विमा ही दोन कामेही पहिल्याच वर्षी उरकून घ्यावीत. विम्याचा हप्ता फारसा नसतो, पण तो काढण्याची आठवण अनेकांना तक्रार आल्यावरच होते.

पहिली दोन वर्षे

पदवीनंतर लगेच स्वतःचा दवाखाना काढण्याचा मोह होतो. घरच्यांचाही आग्रह असतो. तो शक्यतो दोन वर्षे लांबवावा, आणि ती वर्षे अशा रुग्णालयात काढावीत जिथे अस्थिरोग, मेंदूविकार आणि अतिदक्षता हे तिन्ही विभाग आहेत. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची छाती मोकळी करणे, शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी रुग्णाला पलंगाच्या कडेवर बसवणे, अर्धांगवायू झालेल्या माणसाला पहिल्यांदा उभे करणे ही कामे दवाखान्यात बसून शिकता येत नाहीत. पुढे गल्लीतला एखादा रुग्ण दम लागतो म्हणून आला, तर त्याची कंबर तपासायची की त्याला तातडीने रुग्णालयात पाठवायचे, हा निर्णय याच अनुभवातून येतो. सिव्हिल हॉस्पिटलसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात इंटर्नशिपची संधी मिळाली तर तिथली गर्दी ही अडचण न मानता शिकण्याची सोय मानावी, कारण आजार इतक्या वेगवेगळ्या अवस्थांत एकत्र पाहायला मिळणारी जागा दुसरी नाही.

या काळात पगार कमी वाटेल, आणि तो कमी असतोच. त्याची भरपाई म्हणून संध्याकाळी घरभेटी घेण्याची सवय अनेकांना लागते. ती वाईट नाही, मात्र ज्या रुग्णालयात नोकरी करतो तिथलेच रुग्ण खासगीत वळवू नयेत. वैद्यकीय वर्तुळ लहान आहे आणि असे वागणे फार दिवस झाकून राहत नाही.

रुग्णाचे काम समजून घेणे

पाठ्यपुस्तकातील कंबरदुखीचा रुग्ण खुर्चीवर बसून संगणकावर काम करतो. सोलापूरच्या पूर्व भागातला रुग्ण तसा नसतो. विडी वळणारी बाई मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन, मान खाली घालून तासन्‌तास बसते. पान कापणे, तंबाखू भरणे, विडी वळणे, टोक मुडपणे आणि दोरा बांधणे यांत तिचा अंगठा व शेजारची दोन बोटे सतत राबत असतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळत असल्याने ‘पंधरा दिवस आराम करा’ याचा अर्थ तिच्यासाठी पंधरा दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडणे असा होतो, आणि साहजिकच ती तो सल्ला पाळत नाही. तिला कामातच बसेल असा बदल सांगावा लागतो. घडी घातलेली जाड चादर बुडाखाली घेतली की ओटीपोटाचे हाड किंचित पुढे झुकते आणि कमरेची नैसर्गिक कमान राहते. सूप मांडीऐवजी लहान चौरंगावर ठेवले की मान तितकी वाकत नाही. पाठ भिंतीला टेकता आली तर उत्तम. विश्रांती मिनिटांत सांगण्यापेक्षा विड्यांच्या मोजणीत सांगावी. ठरावीक जुड्या बांधून झाल्या की उठून उभे राहायचे, हात डोक्यावर नेऊन दहा वेळा पाठ मागे झुकवायची, अंगठा व बोटे ताणायची आणि पुन्हा बसायचे. मोजण्याची सवय तिला आहेच. आपण फक्त त्या सवयीला व्यायाम जोडायचा.

यंत्रमाग कामगाराचे प्रश्न निराळे. तो पूर्ण पाळी उभा असतो, मागांच्या रांगांमधून फिरत असतो आणि पायाखाली कडक फरशी असते. टाचदुखी, पोटऱ्यांत गोळे येणे, शिरा फुगणे या तक्रारी त्यातून येतात. त्याला टाचेखाली मऊ तळव्याची पादत्राणे, पाळीच्या मध्यावर आणि शेवटी पोटरीचे ताण, तसेच पायरीच्या कडेवर उभे राहून टाच हळूहळू खाली नेण्याचा व्यायाम द्यावा. बरीच वर्षे मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला कमी ऐकू येण्याची शक्यता असते. त्याच्यासमोर बसून, ओठ दिसतील असे बोलावे आणि प्रत्येक कृती करून दाखवावी, नाहीतर तो मान हलवतो आणि आपल्याला वाटते की समजले. कापसाच्या तंतूंमध्ये काम करणाऱ्याने साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते असे सांगितले, तर बिसिनोसिसची (कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची) शंका घेऊन त्याला छातीविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. पाठदुखीसाठी आलेल्या कामगाराला हा प्रश्न विचारणारे थोडे असतात.

जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारे तोडणी कामगार मानेचे आणि कमरेचे दुखणे घेऊन येतात. ते पुन्हा येतीलच याची खात्री नसते. अशा रुग्णाला पहिल्या भेटीतच सगळे शिकवावे लागते, म्हणून चित्रांचा एक पानी कागद आधीच तयार असावा. अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा किंवा सीमेपलीकडून इंडी, आळंद भागातून एसटीने येणाऱ्यांचीही तीच गोष्ट आहे. त्यांना ‘रोज दहा दिवस या’ असे सांगितले की ते तिसऱ्या दिवशी थांबतात. दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन-चार भेटी आणि मध्ये व्हिडिओ कॉल अशी आखणी केली तर पूर्ण उपचार होतो.

भाषेचा मुद्दा यालाच लागून आहे. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू बोलणारे रुग्ण रोज येतात. ‘एक्कडा नोप्पी?’ किंवा ‘एल्लि नोवु?’ एवढे विचारता आले तरी म्हातारी बाई मुलाकडे न बघता थेट तुमच्याशी बोलू लागते, आणि दुखणे नेमके कधी सुरू झाले ते तिच्याच तोंडून कळते. वाक, बस, ऊठ, श्वास घे, सोड, दुखले तर सांग, अशी वीस-पंचवीस वाक्ये प्रत्येक भाषेत लिहून पाठ करण्यास एक आठवडा पुरतो.

व्यायाम कसा द्यावा

पहिल्या भेटीत तीनपेक्षा जास्त व्यायाम देऊ नयेत. प्रत्येक व्यायाम किती वेळा, दिवसातल्या कोणत्या कामाच्या आधी किंवा नंतर आणि कशासाठी करायचा, हे सांगून तो रुग्णाकडून आपल्यासमोर करून घ्यावा, आणि रुग्णाच्याच मोबाइलवर त्याचाच व्हिडिओ काढून द्यावा. कुण्या परदेशी तरुणाचा व्हिडिओ पाहून सत्तर वर्षांच्या आजीला उमेद येत नाही. पुढच्या भेटीत ‘व्यायाम केला का?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ असेच येते. ‘करून दाखवा’ म्हणावे, म्हणजे तो घरी झाला आहे की नाही ते पहिल्या हालचालीतच कळते. झाला नसेल तर रागावून उपयोग नाही. वेळ चुकीची निवडली गेली होती का, जागा नव्हती का, भीती वाटली का, हे शोधावे. दुखले म्हणून व्यायाम सोडणारे सर्वांत जास्त असतात. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर चार-पाचपर्यंतचे दुखणे व्यायामादरम्यान झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर आले, तर सांध्यांच्या बहुतेक जुन्या दुखण्यांत ते चालते, हे आधीच सांगून ठेवावे.

उद्दिष्ट रुग्णाच्या तोंडून घ्यावे. भाकरी थापायची आहे, एसटीची पायरी चढायची आहे, गड्ड्याच्या यात्रेत नातवाला फिरवायचे आहे, आषाढीला निदान वाखरीपासून पंढरपुरापर्यंत चालायचे आहे: अशा उद्दिष्टांसाठी माणूस कष्ट घेतो, ‘स्नायूंची ताकद वाढवणे’ यासाठी घेत नाही. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेआधी रुग्ण सल्ला घ्यायला आला तर जमिनीवर मांडी घालून बसण्याच्या मर्यादांविषयी तेव्हाच स्पष्ट बोलावे. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकतो याकडेच घरच्यांचे लक्ष असते, परंतु तो पूर्ण सरळ होतो की नाही हे चालण्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे; म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून झोपण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडावी.

यंत्रांविषयी

आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि करंट, असा समज पक्का आहे, आणि तो पक्का करण्यात आपल्या व्यवसायाचाही हातभार आहे. टेन्स, आयएफटी (त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणारी वेदनाशामक यंत्रे) किंवा ध्वनिलहरींचे अल्ट्रासाउंड लावून रुग्णाला वीस मिनिटे झोपवणे सोपे असते, एका वेळी चार रुग्ण सांभाळता येतात आणि पैसेही मिळतात. उपचारांच्या मार्गदर्शिका ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ साली सांध्यांच्या झिजेविषयी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिने प्रत्येक रुग्णाला त्याच्या गरजेनुसार व्यायाम देण्यास सांगितले आहे, आणि टेन्स व अल्ट्रासाउंडसारखे विद्युत उपचार देऊ नयेत अशी शिफारस केली आहे. यंत्रांना काहीच स्थान नाही असे नव्हे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा स्नायू जागा होत नसेल तर विद्युत उत्तेजनाचा उपयोग होतो. मात्र दवाखाना सुरू करताना कर्ज काढून यंत्रांची रांग लावण्याची गरज नाही. खालीवर करता येणारा एक भक्कम पलंग, थेराबँड (व्यायामाचे रबरी पट्टे), वजने, दोन उंचींच्या पायऱ्या, समांतर दांडे, गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजण्याचे साधन), स्टॉपवॉच आणि एक साधे टेन्स यंत्र एवढ्यावर बहुसंख्य रुग्णांचे काम होते. रुग्णाने स्वतःहून ‘मशीन लावा’ म्हटले तर त्याला झिडकारू नये. आधी व्यायाम, मग वेळ उरला तर दहा मिनिटे शेक, असा क्रम ठेवला की तो हळूहळू व्यायामासाठी येऊ लागतो. मालिशवाले आणि हाडवैद्य यांची टिंगल करण्याचाही मोह टाळावा, कारण रुग्ण आपल्याआधी बहुधा त्यांच्याकडेच जाऊन आलेला असतो आणि टिंगल केली की तो ते लपवतो.

मोजमाप, नोंदी आणि धोक्याच्या खुणा

प्रत्येक रुग्णाच्या पहिल्या भेटीत निदान दोन आकडे कागदावर यावेत: सांध्याची हालचाल किती अंशांची आहे, आणि एखादे काम तो किती वेळात किंवा किती वेळा करतो. ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठतो, ३ मीटर चालून वळून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, या चाचण्यांना काहीच खर्च येत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजले की रुग्णाला स्वतःची प्रगती आकड्यांत दिसते. काहीच बदल नसेल तर तेही दिसते, आणि मग निदान पुन्हा तपासावे लागते. नोंद त्याच दिवशी लिहावी. रुग्ण काय म्हणाला, आपल्याला काय आढळले, आपले अनुमान काय आणि पुढे काय करणार, या चार ओळी पुरेशा असतात.

काही लक्षणे दिसली की व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. कंबरदुखीबरोबर लघवी अडणे किंवा नकळत होणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, दोन्ही पायांतील शक्ती कमी होत जाणे ही मज्जातंतूंवर गंभीर दाब आल्याची चिन्हे आहेत. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, बारीक ताप आणि घटत जाणारे वजन असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची शंका आपल्या देशात प्रथम घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर एकाच पायाची पोटरी सुजली, तापली आणि दुखू लागली तर ती चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. असा एक रुग्ण वेळेवर पाठवला की संबंधित डॉक्टर तुमचे नाव लक्षात ठेवतात. त्यासाठी वेगळ्या ओळखीची गरज पडत नाही.

डॉक्टरांशी संबंध हा नव्या मुलांचा आवडता विषय असतो, आणि त्यात बहुधा भेटवस्तू व टक्केवारी यांचीच चर्चा होते. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणे किंवा घेणे अनैतिक आहेच, शिवाय ते व्यवहारातही तोट्याचे ठरते, कारण टक्केवारीसाठी रुग्ण पाठवणारा उद्या जास्त टक्केवारी देणाऱ्याकडे वळतो. त्याऐवजी रुग्ण आल्यावर आणि दोन-तीन आठवड्यांनी असे दोनदा, अर्ध्या पानाचे पत्र पाठवावे. त्यात मोजमापे असावीत, स्तुती नसावी. शस्त्रक्रिया करावी की नाही यावर रुग्णासमोर डॉक्टरांविरुद्ध मत देऊ नये. मतभेद असेल तर फोन करावा.

जागा, फी आणि घरभेटी

सात रस्ता किंवा होटगी रोडसारख्या ठिकाणी भाडे भरून बसण्यापेक्षा हद्दवाढ भागात किंवा पूर्व भागातच तळमजल्यावरची जागा घेणे बऱ्याचदा शहाणपणाचे असते. गुडघेदुखीच्या रुग्णाला पहिल्या मजल्यावर बोलावणारे दवाखाने शहरात आजही आहेत! जिना नसावा, रिक्षा दारापर्यंत यावी आणि स्वच्छतागृहात कमोड असावा. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी रुग्ण येत नाहीत, म्हणून सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरापर्यंत वेळ ठेवावी. फी भिंतीवर लिहावी, पावती द्यावी आणि दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेण्याची पद्धत टाळावी. चार भेटींत बरा होणारा रुग्ण पाचव्या भेटीला पैशांसाठी अडकला की तो ती गोष्ट सगळ्या वाड्यात सांगतो.

अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी घरभेटी हा सोलापुरातील उत्पन्नाचा मोठा भाग आहे. तिथे रुग्णाइतकाच वेळ त्याच्या बायकोला, सुनेला किंवा मुलाला शिकवण्यात घालवावा: कूस कशी बदलायची, लुळा हात धरून ओढायचा नाही, पलंगावरून खुर्चीवर कसे न्यायचे. या व्यवसायात मुलींची संख्या मोठी आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. पहिल्या घरभेटीआधी पत्ता आणि वेळ घरी किंवा सहकाऱ्याला कळवावी, रुग्णाचे नातेवाईक खोलीत असतील अशी अट आधीच फोनवर घालावी आणि जिथे अवघड वाटेल तिथून कारण न देता निघून यावे. लग्न किंवा बाळंतपणामुळे काही वर्षांचा खंड पडला तरी आठवड्यातून दोन घरभेटी चालू ठेवल्या तर हात आणि ओळखी दोन्ही टिकतात.

नवे रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरातीवर खर्च करण्यापेक्षा मैदानांवर जावे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावण्याचा सराव पहाटे करतात. अचानक वाढवलेल्या अंतरामुळे त्यांच्या नडग्या दुखतात आणि कधी हाडाला बारीक तडाही जातो. आठवड्यातून एक सकाळ त्यांना धावणे टप्प्याटप्प्याने कसे वाढवायचे हे शिकवले, तर त्यांच्यासोबत त्यांचे आईवडीलही दवाखान्यात येऊ लागतात. तालमीतल्या पैलवानांचे खांदे आणि गुडघे हे असेच दुर्लक्षित क्षेत्र आहे. ८ सप्टेंबरच्या जागतिक फिजिओथेरपी दिनी फलक लावून शिबिर घेण्यापेक्षा हे काम वर्षभर चालते.

पुढचे शिक्षण आणि इतर वाटा

पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल तर विषय दोन वर्षांच्या कामानंतर निवडावा. कोणते रुग्ण पाहताना कंटाळा येत नाही ते तोवर कळलेले असते. सरकारी क्षेत्रात जिल्हा रुग्णालयांतील बालकांसाठीची शीघ्र हस्तक्षेप केंद्रे, ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम, कामगार विमा रुग्णालये, रेल्वे आणि समग्र शिक्षा अभियान यांत फिजिओथेरपिस्टची पदे निघतात. त्यातली बरीच कंत्राटी असतात, हे गृहीत धरूनच अर्ज करावा. परदेशी जायचे असल्यास त्या देशाच्या नियामक संस्थेला अभ्यासक्रमाचा विषयवार तपशील आणि प्रात्यक्षिकाचे तास विद्यापीठाकडून साक्षांकित करून द्यावे लागतात. ते कागद शिकत असतानाच गोळा करावेत, कारण पाच वर्षांनी ते मिळवण्यासाठी नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या फेऱ्या माराव्या लागतात. अभ्यास चालू ठेवण्यासाठी ‘पेड्रो’ हा फिजिओथेरपीतील संशोधनाचा ऑस्ट्रेलियन संग्रह विनामूल्य पाहता येतो. आठवड्याला एक शोधनिबंध वाचून सहकाऱ्यांशी त्यावर बोलावे.

स्वतःच्या शरीराचा हिशोबही पहिल्यापासून ठेवावा. दिवसभर वाकून, अंगठ्याने दाब देऊन काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा अंगठा आणि कंबर चाळिशीच्या आधीच तक्रार करू लागतात. पलंग प्रत्येक रुग्णासाठी कमरेच्या उंचीवर आणावा, दाब अंगठ्याऐवजी कोपराने किंवा तळहाताच्या टाचेने द्यावा, जड रुग्णाला एकट्याने उचलू नये, आणि लागोपाठ हातांनी करायच्या उपचारांचे रुग्ण न घेता मध्ये व्यायामाचा एक रुग्ण ठेवावा.